नव्या भाषेत बेडकाला काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. तुम्ही देवगडचे. कादंबरीसाठी कोकणासारख्याच एका किनाऱ्यावरच्या माणसांची भाषा रचताय. सरपटणाऱ्या प्राण्यांना एक प्रत्यय, उभयचरांना दुसरा आणि त्याआधी एकेक अक्षर बदलत चाळीस नावं, असा तक्ता तुम्ही केला आहे. हे वर्गीकरण शास्त्राला धरून आहे का आणि मातीत राहणारं, गांडुळासारखं दिसणारं बिनपायाचं देवगांडूळ कुठल्या रकान्यात घालायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी मालवण तालुक्यात राहते. गेली बावीस वर्षं तुरेली नावाची एक भाषा रचते आहे. तिच्या कोशात आज साप, सरडे, कासवं, बेडूक मिळून सत्तरच्या वर नोंदी आहेत. पहिल्या तीन वर्षांत मीही तुमच्यासारखाच तक्ता केला होता, आणि तो पूर्ण मोडून नव्याने सुरुवात केली. म्हणून उत्तर लांबणार आहे.

तक्त्याची पहिली अडचण कानाची आहे. १६६८ साली लंडनमध्ये जॉन विल्किन्स यांनी नेमकी अशीच भाषा मांडली होती. सगळ्या जगाच्या ४० जाती पाडायच्या, जातीला दोन अक्षरं, पोटभेदाला एक व्यंजन, त्यापुढच्या भेदाला एक स्वर. शब्द ऐकला की वस्तूची जागा कळावी, हा हेतू. पण त्यामुळे एका खणातल्या सगळ्या प्राण्यांची नावं एका अक्षराच्या फरकावर आली. आता तुमच्या किनाऱ्यावरच्या माणसाचा विचार करा. जुलैची रात्र आहे, कौलांवर पाऊस कोसळतोय, आणि पडवीतून कुणीतरी ओरडून सांगतंय की लाकडांच्या ढिगात काय शिरलं. तिथे एक व्यंजन ऐकायला चुकलं तर? नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावं मोठ्याने म्हणून पाहा. एकही दुसऱ्यासारखं वाजत नाही. त्यांच्या शेजारी धामण, दिवड, नानेटी ठेवा, तरी घोटाळा होत नाही. ज्या गोष्टींची गफलत जिवावर बेतते त्यांची नावं बोलणारे लोक एकमेकांपासून लांब ठेवतात. तुमच्या चाळीस नावांपैकी निदान विषारी सापांची तरी प्रत्ययाच्या दावणीतून आजच सोडवा.

दुसरी अडचण विल्किन्सच्या खणातच आहे. बेडूक, कासव, मगर, साप हे त्याने अंडी घालणारे पशू म्हणून एकत्र बांधले. आपल्या सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचं, फुरसं थेट पिल्लं घालतं. घोणसही. म्हणजे कोकणातल्या चार मुख्य विषारी सापांपैकी दोघांना त्या खणात जागाच नाही.

शास्त्राला धरून आहे का, या प्रश्नाचं उत्तर असं की शास्त्राचा तक्ताच स्थिर राहिलेला नाही. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ साली बेडूक, सरडे, कासवं, साप हे सगळे ‘उभयचर’ या एकाच वर्गात घातले, आणि त्यात शार्क आणि पाकटसुद्धा कोंबले. बेडूक वेगळे काढले गेले ते पुढच्या शतकात. आज वंशावळ बघितली तर साप म्हणजे पाय गमावलेल्या सरड्यांची एक फांदी, आणि मगर पालीपेक्षा कावळ्याच्या जवळची. पक्ष्यांना आत घेतल्याशिवाय ‘सरपटणारे प्राणी’ हा गट पुराच होत नाही. शाळेच्या पुस्तकातल्या ज्या रकान्यावर तुम्ही प्रत्यय बेतलाय, तो रकाना विज्ञानानेच ओलांडला आहे. तुमच्या माणसांना तो ठाऊक असायचं काही कारण नाही.

मग सुरुवात कुठून करायची? माझं मत ठाम आहे: प्राणी माणसाला कुठे आणि कशासाठी भेटतो तिथून. आणि आपले लोक कुठल्या प्राण्याच्या बाबतीत चुकतात, हे लवकरात लवकर ठरवायचं. भाषेची समज तिच्या बरोबर उत्तरांपेक्षा तिच्या चुकांत जास्त स्पष्ट दिसते.

आपल्याकडचंच पाहा. मालवणीत साप दिसला की माणूस ‘साप’ म्हणत नाही, ‘परसात जनावर दिसला’ म्हणतो. ऐकणाऱ्याला क्षणभरही गाय-बैल वाटत नाही. कुणी लांबडं म्हणतं, जुनी माणसं किरडू म्हणतात. साप चावला असं म्हणायचं नसतं, ‘पान लागलं’ म्हणायचं. रात्री तर नावच घ्यायचं नाही. याचा अर्थ एकाच प्राण्याला निदान तीन थरांची नावं लागतात: दिवसा उजेडी घेण्याचं नाव, रात्री घेण्याचं आडनाव, म्हणजे आडून घेतलेलं नाव, आणि घटना घडून गेल्यावर बोलायचं नाव. रचलेल्या भाषांमध्ये हे फार क्वचित दिसतं, कारण रचणारा कोशाच्या रकान्यासमोर एकच शब्द लिहितो आणि पुढे सरकतो. तुम्ही तसं करू नका. आणि या आडनावांना आयुष्य असतं. आडनाव फार वापरलं गेलं की तेच खरं नाव होऊन बसतं आणि मग त्याच्यासाठी नवं आडनाव शोधावं लागतं. तुरेलीत सापाचा मूळ शब्द आज फक्त मंत्रात उरला आहे. रोजच्या बोलण्यातला ‘हाशा’ हा कधीकाळी ‘गप्प’ या अर्थाचा शब्द होता.

सगळे साप एका पंक्तीतही बसवू नका. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, आणि वारुळात नागाचं वास्तव्य मानतात. देवळाच्या परिसरात दिसलेला नाग राखणदार ठरतो. तोच नाग गोठ्यात निघाला की जनावर. म्हणजे इथे वर्ग प्राण्याच्या अंगावरून ठरत नाही, तो कुठे दिसला त्यावरून ठरतो. तुमच्या भाषेत लिंग किंवा नामवर्ग, म्हणजे नामांचे व्याकरणातले गट, असतील तर त्यांचा उपयोग इथे करा: देवळातल्या नागाला माणसांचा वर्ग, गोठ्यातल्याला वस्तूंचा.

जगभरच्या भाषांचा अनुभव याला जुळतो. मानववंशशास्त्रज्ञ सेसिल ब्राउन यांनी १९७९ साली कितीतरी भाषांतली प्राण्यांची मोठी कुळनामं ताडून पाहिली. मासा, पक्षी आणि साप ही तीन बहुधा आधी येतात. सगळ्या किडामुंगीसाठी एक शब्द आणि चार पायांच्या केसाळ प्राण्यांसाठी दुसरा, हे नंतर येतात. ‘साप’ या कुळनामात काही ठिकाणी सरडेही शिरतात. या यादीत बेडूक कुठेच नाही. मराठीतही पाहा: नाग कोण, तर साप. बांगडा कोण, तर मासा. बेडूक कोण? बेडूकच. त्याच्या वर पुस्तकी ‘उभयचर’ सोडला तर शब्द नाही, आणि तो कुणी भाताच्या खाचरात उभं राहून वापरत नाही. म्हणून उभयचरांचा प्रत्यय सरळ काढून टाका. बेडकाला एकटा राहू द्या.

किंवा मग त्याला अनपेक्षित शेजार द्या. पापुआ न्यू गिनीतल्या कलाम लोकांचं बेडकांचं वर्गीकरण राल्फ बल्मर आणि मायकेल टायलर यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलं. त्यांच्या भाषेत बेडूक आणि रानातले छोटे उंदीर, शिशुधान (पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारे) प्राणी हे एकाच शब्दाखाली येतात. रूपावरून हे जुळत नाही. गोळा करण्याच्या आणि खाण्याच्या रीतीवरून जुळतं. हे वाचलं त्या दिवशी मी माझा जुना तक्ता बाजूला ठेवला.

औषधासाठी केलेलं वर्गीकरण आणखी वेगळं निघतं. सुश्रुताने सापांचे ८० प्रकार सांगितले आणि त्यांचे मोठे गट पाडले: दर्वीकर, म्हणजे पळीसारखा फणा असणारे; मंडली, अंगावर वर्तुळं असणारे; राजिमान, पट्टे असणारे; मग निर्विष आणि संकरातून झालेले वैकरंज. पहिल्या तिघांचा संबंध वात, पित्त, कफ यांच्याशी जोडलेला आहे, कारण वैद्याला उपचार ठरवायचे होते. नाग, घोणस, मण्यार या गटांत किती सहज बसतात ते पाहा. आपल्या काळातही असंच झालं. दवाखान्यातली सर्पदंशाची लस चार सापांच्या विषावर बेतलेली आहे, आणि म्हणून गावोगावच्या भित्तिपत्रकांवर ‘चार विषारी’ हा गट तयार झाला. तुमच्या कादंबरीत वैदू असेल तर त्याचं वर्गीकरण कोळ्याच्या वर्गीकरणाशी जुळता कामा नये.

कोळ्यावरून कासव आठवलं. मराठीत एकच शब्द पुरतो, पण तुमच्या किनाऱ्यावर जाळ्यात अडकलेलं, रात्री वाळूत अंडी घालायला आलेलं आणि विहिरीत सोडलेलं, अशी तीन कासवं तीन वेगळ्या नावांची असू शकतात. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात झाल्यापासून तिथल्या पोरांच्या तोंडी ‘रिडले’ हा शब्द जितका सहज आला, तितक्या सहज परका शब्दही तुमच्या भाषेत येऊ द्या. मगरीचं मी थोडक्यात उरकते: पुस्तकात मगर वेगळी आणि सुसर वेगळी, पण वाशिष्ठी नदीच्या काठी कितीतरी माणसं मगरीलाच सुसर म्हणतात. नावं सरकतात, हे कोशात नोंदवा.

आता बेडूक, कारण माझं मन तिथे सगळ्यात जास्त रमतं. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की त्या रात्री घराबाहेर अर्धा तास उभे राहा. सापाचं नाव डोळ्यांनी पडतं, बेडकाचं कानाने. खाचरातला मोठा पिवळाधमक झालेला नर ‘डराँव’ करतो, चिखलाच्या कडेचे बारके एकसारखे किर्र करत राहतात, झुडपातला अंगठ्याच्या नखाएवढा टिकटिक करतो आणि दिसत तर अजिबात नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या १०३ व्या सूक्तात हे सगळं आहे. एकाचा आवाज गाईसारखा, एकाचा बकरीसारखा. एक ठिपक्यांचा, एक हिरवा. रूपं निराळी आणि नाव मात्र सगळ्यांना एकच. बेडकांच्या वर्गीकरणाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. अमरकोशातही बेडकाच्या नावांत वर्षाभू, म्हणजे पावसात होणारा, आणि दर्दुर, म्हणजे सरळ त्याचा आवाज, ही दोन्ही आहेत.

म्हणून तुरेलीत बेडकांची नावं आवाजाची आहेत: ओंगा, टिरी, कट्टा. जो बेडूक ओरडताना ऐकू येत नाही त्याला नावच नाही, तो नुसता ‘ओलसर’. मादी सहसा ओरडत नाही, म्हणून सगळ्या जातींच्या माद्या तुरेलीत एकच प्राणी समजल्या जातात. हे प्राणिशास्त्राप्रमाणे चूक आहे आणि भाषेच्या दृष्टीने मला फार मोलाचं वाटतं, कारण त्या लोकांनी बेडूक ऐकलेत, धरून पाहिले नाहीत, हे एका नोंदीतून कळतं. याला एक अपवाद मी आंबोलीत पाहिलेल्या उडत्या बेडकामुळे केला. तो पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं खाली पाण्यात टपकतात. त्याचं नाव आवाजावरून नाही, फेसावरून आहे. एखादी गोष्ट इतकी डोळ्यांत भरली तर नियमाने वाट सोडायलाच हवी.

पिल्लाचा शब्द विसरू नका. एस्पेरांतो या रचलेल्या भाषेत बेडूक ‘रानो’ आणि त्याचं पिल्लू ‘रानिदो’, म्हणजे बेडकाचं पोर. आपण त्याला बेडूकमासा म्हणतो. एका भाषेने त्याचा वंश पाहिला, दुसरीने शेपूट. तुमची माणसं डबक्यात वाकून काय बघतात ते तुम्हीच ठरवा. तो बेडूक होतो हे त्यांना ठाऊक आहे की नाही, हेसुद्धा.

पुढचा मुद्दा शब्दांच्या वयाचा. तुमच्या तक्त्यातली चाळीसही नावं एकाच दुपारी जन्मलेली वाटतात. खऱ्या भाषेत खापरखवल्या हे नाव आजही उलगडतं, शेपटीचं टोक खापरासारखं खरबरीत म्हणून. सापसुरळीतला साप सगळ्यांना दिसतो, म्हणून तर तिला सापाची मावशी म्हणतात. अजगर मात्र बुजला आहे: अज म्हणजे बोकड, त्याला गिळणारा तो अजगर, पण मराठी पोराला त्यात बोकड दिसत नाही. घोणस त्याहून बुजलेली. मागे संस्कृतातला ‘गोनस’ आहे. पाल, सरडा, मगर हे तर झिजून गुळगुळीत गोटे झालेत. म्हणून काही नावं आधी जोडून घ्या आणि मग झिजवा. उदाहरण देते. तुरेलीत ‘सोको’ म्हणजे दगड आणि ‘लेमा’ म्हणजे पोटाने चालणं. जांभ्याच्या दगडाखाली राहणाऱ्या, फुरशासारख्या सापाचं नाव झालं सोकोलेमा. तुरेलीत दोन स्वरांमधला क पुढे ह होतो, म्हणून सोहोलेमा. मग मधलं अक्षर गळून सोलेमा. दगड ऐकू येईनासा झाला. पण ‘सो’ म्हणजे तुरेलीत मीठ. त्यामुळे लोकांना तो मिठाचा साप वाटू लागला, आणि उंबऱ्यावर मीठ टाकलं की तो येत नाही अशी समजूत रुजली. ही समजूत मी योजली नव्हती. ध्वनींचे नियम प्रामाणिकपणे लावल्यावर ती आपोआप हातात आली, आणि त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो.

व्याकरणही अशा समजुती पोसतं. धामण ही नागाची मादी, असं आपल्याकडे अनेकजण मानतात. खरं तर दोघांच्या जाती वेगळ्या, आणि धामणीतही नर-मादी असतातच. पण शब्द स्त्रीलिंगी आहे, नाग पुल्लिंगी आहे, आणि भाषेने त्यांचं लग्न लावून दिलं. तुमच्या भाषेत लिंग असेल तर अशी एक तरी जोडी ठेवा.

प्राण्यांची नावं प्राण्यांपुरती राहत नाहीत, हेही बघा. दंडाची बेडकुळी, चुकचुकणारी पाल, कुंपणापर्यंत धावणारा सरडा. एस्पेरांतो बोलणाऱ्यांत ‘क्रोकोदिली’ हे क्रियापद आहे, शब्दशः मगरपणा करणं. चारचौघांत एस्पेरांतो सोडून आपल्या घरच्या भाषेत बोलत बसणं असा त्याचा अर्थ. त्या बोलणाऱ्यांनी ते आपल्या सहवासातून घडवलं. तुमच्या पात्रांच्या भांडणात, लाडात, शिव्यांत ही नावं आली नाहीत तर कोश कितीही मोठा असला तरी मुका राहील.

राहिलं देवगांडूळ. सुपारीच्या बागेत किंवा खाचराच्या बांधावर ओली माती उकरताना निघतं. पाय नाहीत, डोळे जवळजवळ दिसत नाहीत, अंगाला गांडुळासारखी वळी. आहे मात्र बेडकांच्या नात्यातलं. आपल्याकडे साप समजून मारलं जातं, आणि स्वतः लिनियसनेही १७५८ साली त्याला सापांतच घातलं होतं. तेव्हा तुमच्या माणसांनी तसं केलं तर त्यात अजाणपणा फार नाही. तुरेलीत मी दोन गावं कल्पिली आहेत. खालच्या गावातले नांगरणारे त्याला आंधळा हाशा म्हणतात आणि कुदळीने तोडतात. वरच्या गावातल्या बायका बागेत पाट काढतात. त्यांनी मातीखालच्या पोकळीत अंड्यांच्या झुबक्याभोवती वेढा घालून बसलेली मादी पाहिली आहे. देवगांडुळांच्या काही जाती खरंच तशी अंडी राखतात. त्या तिला ‘मातीतली बाळंतीण’ म्हणतात आणि पाट थोडा वळवून नेतात. आपण एकाच प्राण्याबद्दल बोलतो, हे दोन्ही गावांना ठाऊक नाही. कोशात मी दोन वेगळ्या नोंदी ठेवल्या आहेत, आणि एकीतही दुसरीचा उल्लेख केलेला नाही.